नकाशांची खोली

११ जानेवारी

चिरंजीवास,

पत्राच्या वरच्या ओळीत आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुला माझ्याकडून काहीच नको, असं तू चार वर्षांपूर्वी सांगून मोकळा झालास. तेव्हा आशीर्वाद माझ्याजवळच ठेवते. ते काही नासत नाहीत.

फोन तू घेत नाहीस. सूनबाई घेते, ‘सगळे बरे आहेत’ म्हणते आणि ठेवते. तिच्यावर माझा राग नाही, मी तिच्या जागी असते तर एवढंही बोलले नसते. म्हणून पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी वाचावं लागेल, कारण बंद पाकीट न उघडता ठेवणं तुला कधीच जमलं नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये. एक भांडण सुरू झालंय आणि त्यात मी कुठल्या बाजूला उभी आहे हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बालवर्गांसाठी कचेरीने एक समुपदेशक पाठवली. सव्वीस वर्षांची पोरगी, पाठीला पिशवी, पायात खेळाचे बूट. शिक्षकांच्या खोलीत तिने आम्हाला समजावलं, की तीन ते सहा या वयातच मुलांच्या मनाकडे बघायचं, काही बिघडायच्या आधी. मी म्हणाले, ‘ज्यांना शेंबूड पुसता येत नाही त्यांना मन कुठून आलं?’ सगळ्या हसल्या. तीही हसली. मग म्हणाली, बाई, माझं एक काम करा. कुठलंही एक मूल घ्या, त्याच्यासोबत दहा मिनिटं जमिनीवर बसा. ते खेळेल तसं खेळू द्या. हुकूम द्यायचा नाही आणि परीक्षा घ्यायची नाही.

मी बसले. म्हटलं, त्यात काय मोठंसं. पहिल्या मिनिटात माझ्या तोंडून नऊ हुकूम गेले. ती बोटांवर मोजत होती. नीट बस, इकडे बघ, लाल घे, तो नको, हा घे. दुसऱ्या मिनिटाला मी गप्प झाले, कारण मला दुसरं काही बोलताच येईना. मराठीतून आज्ञार्थ काढून टाकला तर मी मुकी आहे, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

पोरगी मला आवडली नाही. पण मी पुन्हा बसले, त्या आठवड्यात चार वेळा. तुला माहीत आहे, एखादं गणित सुटलं नाही तर मी जेवत नाही.

आता वर्गात एक गादीचा कोपरा आहे. ज्याचं डोकं तापलंय, ज्याच्या पोटात गोळा आलाय, ते पोर आपण होऊन तिथे जाऊन बसतं आणि शांत झालं की परत येतं. शिक्षा म्हणून तिथे कुणाला पाठवायचं नाही, हा पहिला नियम. सकाळी प्रत्येकाने आज आत काय चाललंय ते सांगायचं. एक जण म्हणाला, ‘माझ्या आत पंखा फिरतोय.’ तीस वर्षं मी पोरांना ‘काय होतंय’ विचारलं नव्हतं, ‘काय केलंस’ एवढंच विचारत आले. शनिवारी आईबाप येतात आणि तेच दहा मिनिटांचं बसणं शिकतात. कुणाच्या घरी काही बिनसलंय असं वाटलं तर आम्ही घरी जातो.

चार दिवसांपूर्वी कचेरीचा कागद आला. सत्र संपल्यावर उपक्रम बंद. कारण लिहिलंय: ‘सहभागी बालकांमध्ये कोणताही आजार आढळून आला नाही.’

म्हणजे छत गळत नाही, तेव्हा कौलं काढून टाका. मी तो कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटला. त्या म्हणाल्या, वरून आलंय, आपण काय करणार? मी म्हटलं, वरून पक्ष्यांचंही पडतं, आपण पुसतो.

सह्या गोळा करतेय. तीन दिवसांत एकशे चार झाल्या.

तू काय म्हणशील ते माहीत आहे. चूपबाई आता पोरांना बोलतं करायला निघाली. (माझं हे नाव तुझ्या वर्गाने ठेवलं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.) तुला मी शिस्त लावली, कडक लावली. तुझे बाबा गेले तेव्हा तू सव्वातीन वर्षांचा होतास, मग एकटीने लावली. हे मी नाकारत नाही.

तुझ्या घरून तू मला काढलंस ते मात्र मला कळलं नव्हतं. बाळ सात आठवड्यांचं, रडायचं थांबेना. मी म्हणाले, आतल्या खोलीत ठेवा, दार लावून घ्या, रडून रडून गप्प होईल. तू उठलास. माझी बॅग भरलीस, टॅक्सी बोलावलीस. दार लावता लावता एवढंच विचारलंस, ‘तुला अजून आठवत नाही ना?’ मी म्हटलं, काय? तू दार लावलंस.

आई


२ फेब्रुवारी

चिरंजीवास,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. लिहिणं माझ्या हातात आहे, तेवढं करते.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, चार वर्षांची. मी तिला मुंगी म्हणते, कारण भिंतीच्या कडेकडेने चालते. बोलत नाही. मुकी नाही, घरी बोलते असं आजी सांगते. वर्गात आली की फ्रॉकची बाही तोंडात धरते. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत चावून चावून जाळीदार झाल्यात. सहा महिन्यांत तिच्या तोंडून एक अक्षर आलं नाही. दहा वर्षांपूर्वी मी म्हटलं असतं, गुणी पोर आहे, त्रास देत नाही. न रडणाऱ्या पोराकडे आम्ही कधी बघितलंच नाही रे. आग लागली तरच बादली उचलायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

बाप वेल्डर आहे. आई एका मोठ्या धुलाईखान्यात काम करते, ती घरी, तिसऱ्या मजल्यावर, पोचेपर्यंत अंधार होतो. तोपर्यंत पोर बापाजवळ. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तो नुकताच आंघोळ करून आला होता, तरी हाताच्या केसांना जळका वास होता. पोरगीने, म्हणजे समुपदेशकबाईंनी, नीट गोड बोलून विचारलं, ती रडली तर तुम्ही काय करता?

तो म्हणाला, जिन्यात उभी करतो. दार लावून घेतो. गप्प झाली की घेतो आत.

किती वेळ?

‘गप्प होईपर्यंत. बाई, माझ्या बापाने मला असंच वाढवलं. मी काय मेलो?’

पोरगी काहीतरी अभ्यासाचं बोलू लागली. त्याचं तोंड बंद होत गेलं, शटर ओढल्यासारखं. मला दिसत होतं की आता हा आम्हाला चहा देईल, हो हो म्हणेल आणि उद्यापासून मुलीला शाळेत पाठवणार नाही. अशी माणसं मला कळतात. मी तशीच आहे.

मग मी बोलले. म्हणाले, माझा मुलगा चार वर्षांचा असताना माझ्याच वर्गात होता. बाप गेल्यावर तो वर्गात रडायचा, चावायचा, चड्डी ओली करायचा. मला लाज वाटायची, की स्वतःचं पोर आवरत नाही ती दुसऱ्यांची काय आवरणार. म्हणून मी त्याला नकाशांच्या खोलीत बसवायचे. गुंडाळलेले नकाशे, तक्ते, मोडकी बाकं ठेवायची खोली होती. तोही गप्प झाला. इतका गप्प झाला की आता बत्तीस वर्षांचा आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

वेल्डर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘बसवायचा म्हणजे?’

मी म्हटलं, कडी लावायचे.

हे मी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही, म्हणजे तुला सांगायची गरज नव्हती. पहिल्या पत्रात मी ‘शिस्त’ लिहिलं. तो शब्द खोड आणि तिथे कडी लिही.

दार लावताना तू मला ‘आठवत नाही ना’ विचारलंस, ते हेच ना? आठवतं मला. नेहमीच आठवत होतं. पण ‘आठवतं’ म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं.

वेल्डरने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा मात्र दिला नाही. ते मला बरं लक्षण वाटलं.

आई


२१ फेब्रुवारी

चिरंजीवास,

तो आला. शनिवारी, कामाच्याच कपड्यांत, सगळ्यात मागे. बाकीच्या बहुतेक आयाच असतात, त्या सरकून बसल्या. त्याला चटईवर मांडी घालता येईना, गुडघे कुरकुरत होते. पोरगीने त्याच्यापुढे लाकडी ठोकळे ठेवले आणि मुंगीला त्याच्याजवळ बसवलं.

दहा मिनिटांत तो एकदाच बोलला. मुंगीने ठोकळ्यावर ठोकळा वेडावाकडा ठेवला तेव्हा म्हणाला, ‘असं नाही, पडेल.’ आणि लगेच माझ्याकडे बघितलं, चोरी पकडल्यासारखं. मनोरा पडला. तो थांबला, पोर थांबली. मग तिने एक ठोकळा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. त्या माणसाच्या हातावर भाजल्याचे इतके डाग आहेत की ठोकळा कुठल्या बाजूने धरावा ते त्याला सुचेना. दहा मिनिटं संपल्याची टिचकी वाजली तरी तो तसाच हात पसरून बसला होता.

पुढच्या शनिवारीही आला. आजीने मला रस्त्यात गाठून सांगितलं, जिन्यातलं बंद झालंय. आता पोर रडली की तोच बाहेर जाऊन जिन्यात बसतो, पाच मिनिटं, आणि परत येतो. आजीला वाटतं मुलाला वेड लागलं. मी म्हटलं, लागू द्या.

आता दुसरी गोष्ट ऐक. कचेरीतले साहेब शाळा बघायला आले. आमच्या सह्यांचा कागद त्यांच्यापर्यंत पोचला होता. तसा वाईट माणूस नाही. बूट काढून वर्गात आला, हे मी बघून ठेवलं. पण बालवर्गाच्या त्या इवल्या खुर्चीवर बसून म्हणाला, ‘बाई, आजारी मुलं दाखवा. किती बरी झाली ते दाखवा. मी वरती काय सांगू?’

मी म्हटलं, साहेब, आजारी पडू नयेत म्हणून तर हे आहे. जे पोर आजारी पडलंच नाही त्याचा दाखला कुठल्या दवाखान्यातून आणू?

ते म्हणाले, मग फायदा झाला हे सिद्ध कसं होणार? लहान मुलं काय, विसरून जातात. मोठी झाल्यावर काही त्रास झालाच, तर त्यासाठी डॉक्टर आहेत.

तहान लागली की विहीर खणू, असंच ना, मी म्हटलं. मोठ्या बाईंनी मागून माझा पदर ओढला. सेवा संपायला तीन महिने राहिलेत, आता कशाला तोंड उघडता, असं त्यांनी नंतर ऐकवलं. मी म्हटलं, सेवा संपायला आली म्हणूनच. आणखी वीस वर्षं उरली असती तर गप्प बसले असते, मी काय माझ्या धैर्याला ओळखत नाही?

बारा मार्चला समितीपुढे म्हणणं मांडायला बोलावलंय. पोरगी आकडे घेऊन येणार आहे. चावण्याचे प्रकार किती कमी झाले, गैरहजेरी किती उतरली. छान तक्ते केलेत तिने. साहेब ते बघतील, मान हलवतील आणि कागद बाजूला ठेवतील. आकड्यांवर मान हलवायची सवय असते त्यांना.

आई


२ मार्च

चिरंजीवास,

हे पत्र छोटं आहे आणि यात विचारायचं आहे.

जिथे असा उपक्रम नव्हता तिथे काय होतं, ते समितीला दाखवायचं तर माझ्याजवळ एकच उदाहरण आहे. ते तू आहेस.

तुझं नाव घेणार नाही. तू कुठे राहतोस, काय करतोस, काही सांगणार नाही. पण सांगायचंच ठरलं तर माझं नाव घेऊन सांगेन, शाळेचं नाव घेऊन, कडीसकट. तू परक्यांपुढे यावंस असं मला वाटत नाही. माझ्या लाजेची झळ मी तुला एकदा लावली, आता शौर्याची लावायची नाही.

हरकत असेल तर नुसता कोरा कागद पाकिटात घालून पाठव. एक शब्दही लिहू नकोस. कोरा कागद आला तर मी तिथे जाऊन फक्त तक्ते धरून उभी राहीन.

टपालवाला साडेदहाला येतो. दहा दिवस मी वर्ग सोडून फाटकाशी उभी राहणार आहे. मुलांना सांगितलंय, आज बाईंच्या आत पंखा फिरतोय.

आई


१४ मार्च

चिरंजीवास,

कोरा कागद आला नाही.

त्याचा अर्थ ‘सांग’ असा मी घेतला. अर्थ चुकला असेल तर तो माझ्या नावावर.

लांबट टेबल, पलीकडे पाच जण, मधे साहेब. कोपऱ्यात एक कारकून, जे बोललं जाईल ते लिहून घेणारा, डोक्यावर तुरळक केस आणि शाईचा पेन. आमच्या बाजूला पोरगी, मी, आणि मागे भिंतीला टेकून सात पालक. वेल्डरही होता. अर्धा दिवस सुट्टी टाकून आला होता.

पोरगी सुंदर बोलली. पंधरा मिनिटं बोलली. समितीने मान हलवली. मग त्यातल्या एका म्हाताऱ्या सदस्याने चष्मा काढून मायेने सांगितलं, ‘बेटा, काम चांगलं आहे. पण एवढ्याशा मुलांना काय कळतं? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो. मूल आज रडतं, उद्या विसरतं.’

मी उभी राहिले. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

म्हणाले, मी तीस वर्षं या खात्यात शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणत होते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याला शाळेतल्या नकाशांच्या खोलीत कोंडायचे. अर्धा अर्धा तास. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, बाई, तुमचं पोर का रडतंय? बाप गेलाय त्याचा, आणि तुम्हीही झोपलेल्या नाही आहात महिना महिना. कुणी माझ्यासोबत जमिनीवर बसून सांगितलं नाही, की याला दहा मिनिटं द्या. उलट मला त्या वर्षी उत्तम वर्गनियंत्रणाचं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र या कचेरीने दिलेलं आहे.

साहेब म्हणाले, बाई, हे व्यक्तिगत...

मी म्हटलं, साहेब, आजारी मूल दाखवा म्हणालात ना? त्याला ताप नव्हता. त्याची हजेरी शंभर टक्के होती. तुमच्या कुठल्याच रकान्यात तो सापडला नसता. आणि तो विसरला नाही. स्वतःचं मूल हातात आलं त्या दिवशी सगळं त्याला आठवलं, आणि त्याने मला घराबाहेर काढलं. चुकीचं काढलं असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा उपक्रम तेव्हा असता तर तो त्याच्यासाठी नव्हे, आधी माझ्यासाठी असता. तुम्ही मुलांचे आजार मोजताय. कड्या मोजा.

कारकुनाचा पेन थांबला होता. मी त्याला म्हटलं, लिहा. त्याने लिहिलं.

मग साहेबांनी मागे बघून विचारलं, पालकांपैकी कुणाला काही सांगायचंय? वेल्डरने हात वर केला. उठला, घसा खाकरला, आणि म्हणाला, ‘मी मोजली. एक होती. काढून टाकली.’ आणि बसला.

बाहेर आल्यावर पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. मी रडले नाही. मला भूक लागली होती. खूप वर्षांनी लागली होती.

आई


३ एप्रिल

चिरंजीवास,

निकाल लागला. उपक्रम चालू राहणार. आमची शाळा आणि आणखी दोन, आधी दोन वर्षं, मग पुन्हा बघू म्हणतात. पोरगीला एक मदतनीसही मिळणार आहे. नव्या अर्जात एक रकाना वाढवलाय: ‘घरी किंवा शाळेत मुलाला एकटं बंद ठेवलं जातं का?’ पोरगी म्हणते हा रकाना तुमचा, बाई. मी म्हटलं, रकान्याला आई नसते, नीट भरून घे म्हणजे झालं.

दुसरा कागद त्याच पाकिटात होता, माझ्या नावाचा. शाळेच्या आवारात मुलाला कोंडल्याची मी स्वतः कबुली दिली असल्यामुळे चौकशी बसली आहे. ती संपेपर्यंत मी मुलांच्या वर्गात जायचं नाही.

मोठ्या बाईंनी तो कागद देताना मान खाली घातली. दोन मैत्रिणींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. एकीने सांगितलं, तू स्वतःबरोबर आम्हा सगळ्यांना उघडं पाडलंस, आता गावभर लोक विचारतात, तुम्हीही कोंडता का? मी म्हटलं, कोंडता का?

पोरगी चिडून कचेरीत जायला निघाली होती. मी तिला थांबवलं. नियम बरोबर आहे. साहेबांच्या खुर्चीत मी असते तर मीही हाच कागद काढला असता, आणि त्याच दिवशी काढला असता, तीन आठवडे लावले नसते. ज्या बाईने पोराला कडी लावली तिला विचारणा झाली पाहिजे. अठ्ठावीस वर्षं उशिरा का होईना.

पण वर्ग सुटला ते लागलं. खोटं कशाला बोलू.

काल पोरगी घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी सांगू लागली. सकाळी एका मुलाने मुंगीच्या हातातली बाहुली ओढली. मुंगीने बाही तोंडातून काढली आणि म्हणाली, ‘नको!’ सगळा वर्ग वळून बघायला लागला. मुंगीने सगळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली, ‘नको ना!’

पहिला शब्द. तीस वर्षांत माझ्यासमोर एवढ्या मोठ्याने ‘नको’ म्हणायची कुठल्या पोराची छाती झाली नव्हती, आणि झाली असती तर मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं. मी ते ऐकायला तिथे नव्हते. मग पोरगीकडून तीन वेळा म्हणवून घेतलं, आवाजासकट.

आई


१९ एप्रिल

चिरंजीवास,

तुझं कार्ड आलं.

माझ्या नावाखाली चार ओळी. ‘अर्धा तास नव्हता. शाळा सुटेपर्यंत. अधूनमधून नाही, रोज, दिवाळीच्या सुट्टीपासून परीक्षेपर्यंत. आणि एकदा तू मला आत विसरून घरी गेलीस. शिपाईकाकांनी काढलं.’

तळाशी सही नाही. तुझं अक्षर अजून उजवीकडे झुकतं.

मी कार्ड घेऊन उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. तो दिवस मी विसरले होते असं लिहिणार होते. तीन कागद तसे लिहून फाडले. विसरले नव्हते. त्या दिवशी घरी पोचले, हात धुतले, तुझं ताट वाढलं आणि तुला हाक मारली. तेव्हा कळलं. धावत निघाले तर शिपाई तुला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत आले होते. तू रडत नव्हतास. त्यांच्या मानेवर डोकं ठेवून माझ्याकडे बघत होतास. मी शिपायाला म्हणाले, कुठे सांगू नका. त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. समितीपुढे ‘अर्धा अर्धा तास’ म्हणाले तेव्हा हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते गिळलं. सगळ्यांनी मला धाडसी म्हटलं. मी ऐकून घेतलं.

आज सकाळी कचेरीत गेले. कारकून तोच होता. म्हटलं, माझ्या जबाबात दुरुस्ती करायची आहे. त्याने फाईल काढली, बोट फिरवत ओळ शोधली, ‘अर्धा अर्धा तास’ या शब्दांवर थांबला आणि म्हणाला, ‘काय दुरुस्ती?’

मी कार्डावरच्या चार ओळी वाचून दाखवल्या. शिपायाला गप्प बसवल्याची पाचवी ओळ माझी, तीही सांगितली.

त्याने पेन उचलला नाही. वयाने माझ्याएवढाच असेल. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, बाई, चौकशी तुमच्या बाजूने संपत आलीय. ताकीद देऊन सोडणार आहेत, साहेबांनी शेरा लिहूनसुद्धा ठेवलाय. पुढच्या सोमवारी तुम्ही वर्गात असता. सेवेचा शेवटचा महिना पोरांमध्ये जाईल. हे लिहिलं तर तो शेरा रद्द होईल. उपक्रमाचा निर्णय झालेला आहे, त्याला आता याची गरज नाही. मग कुणासाठी लिहायचं हे?

मी म्हटलं, ज्याने पाठवलंय त्याच्यासाठी. अठ्ठावीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काहीतरी सांगितलंय, आणि मी ते माझ्या सोयीने ऐकणार नाही.

‘पुन्हा विचार करा, बाई. वर्गात जाता येणार नाही.’

‘लिहा,’ मी म्हटलं. ‘रोज. शाळा सुटेपर्यंत. पुढे मी सांगते, तुम्ही लिहा.’

त्याने लिहिलं. मी प्रत्येक ओळ वाचली, एका ठिकाणी त्याने ‘कधी कधी’ घातलं होतं, ते खोडायला लावलं, आणि खाली सही केली.

आई